कच्चं खायला शिकताना

जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपली आणि त्याच्या पुढच्या सोमवारी मी माझ्यापुरता गॅस बंद केला. घरातल्या बाकीच्यांसाठी भाकरी, आमटी, भाजी सगळं करायचं, पण आपल्या ताटात शिजलेलं काही घ्यायचं नाही, असं ठरवलं. महिनाभर आधी रक्त तपासलं होतं. मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी एचबीएवनसीची तपासणी ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ झालं की माणूस आत. माझ्या आईनं शेवटची बारा वर्षं इन्सुलिनवर काढली. तिच्या पायाची जखम रोज मीच धुवायची, त्या मलमाचा वास अजून नाकात आहे. त्यामुळे तो आकडा पाहून मी हादरले आणि जे पहिलं हाताला लागलं ते घट्ट धरलं.

हाताला लागले ते मोबाईलवरचे व्हिडिओ. शिजवलेलं अन्न मेलेलं असतं, अन्न ४८ अंशांच्या वर तापलं की त्यातली एन्झाइम मरतात, कच्चं खाल्लं की ती आपल्यासाठी पचनाचं काम करतात, असं त्यात फार खात्रीनं सांगितलेलं होतं. पुढे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी मला ते नीट उलगडून सांगितलं. एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. पोटातल्या आम्लात इतर प्रथिनांसारखी त्यांचीही मोडतोड होते. आपलं पचन आपल्याच पाचकरसांवर चालतं. पण जानेवारीत मला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी ऐकलं असतं असं वाटत नाही.

पहिल्या आठवड्याची खरेदी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे केली. ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस, अ‍ॅव्होकॅडो, चिया. सोलापुरात हे सगळं मिळायला तीन दुकानं हिंडावी लागली आणि अठराशे रुपये गेले. सकाळी पालक आणि केळं मिक्सरमधून काढून पेलाभर, शाळेच्या डब्यात काकडी-टोमॅटो-लेट्यूस, संध्याकाळी फळं, रात्री पुन्हा सॅलड. चहाही बंद.

दुसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की पाचव्या तासाला वर्गात खुर्चीवर बसूनच शिकवलं. ते चहा एकदम सोडल्याचं दुखणं होतं, तीन दिवसांत गेलं. पोटाचं मात्र वाढत गेलं. संध्याकाळपर्यंत ते ढोलासारखं ताठ व्हायचं आणि रात्री गॅसमुळे झोप लागायची नाही. जबडा दुखायचा. सवय नसताना इतकं चावायचं म्हणजे तोंडालाही कष्टच. चौथ्या दिवशी खडू धरलेला हात थरथरला. भूक लागली की माझी चिडचिड होते हे माहीत होतं, पण भुकेनं डोळ्यांसमोर अंधारी आली ती पहिल्यांदाच.

त्या रात्री मी वही घेऊन हिशेब मांडला. तो आधी मांडायला हवा होता. १०० ग्रॅम काकडीत साधारण १५ कॅलरी असतात, टोमॅटोत १८, गाजरात ४० च्या आसपास. माझा गच्च भरलेला डबा जेमतेम शंभर कॅलरींचा निघाला. म्हणजे ज्वारीची एक भाकरीसुद्धा नाही. नुसत्या काकडीवर दिवस काढायचा तर दहा किलो काकडी खावी लागेल. दुसऱ्या बाजूला शेंगदाणे १०० ग्रॅमला ५६० च्या पुढे, ओलं खोबरं साधारण ३५०, केळं ९०. पोट ताठ आणि अंग उपाशी असं एकाच वेळी का होत होतं, ते या आकड्यांनी सांगितलं. पोटात पाणी आणि चोथा भरपूर जात होता, जेवण जात नव्हतं. कच्चं खायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. भाज्यांचा ढीग ताटात दिसतो म्हणून आपण जेवलो असं समजू नका. दाणे, खोबरं, तीळ, केळं, खजूर यांच्याशिवाय हे ताट उभंच राहत नाही.

नवव्या दिवशी आत्या (सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत) माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी लेट्यूसची पानं चावत होते. त्यांनी एक पान तोंडात टाकलं, थोडा वेळ चघळलं आणि म्हणाल्या, "काय खायलीस गं हे? चव ना ढव. घोळाणा कर की. कच्चंच असतंय ते."

घोळाणा मला माहीत होता, लहानपणी शेतावर खाल्लाही होता. पण "कच्चा आहार" हा शब्द डोक्यात आला तेव्हा घोळाणा आठवला नाही. आत्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः करून दाखवला. मेथीची कोवळी जुडी, फक्त पानं खुडलेली, देठ अजिबात नाही. तीन पाण्यांतून काढली. पहिल्या पाण्यात तळाला मातीचा थर बसला, दुसऱ्यात थोडी कच, तिसरं पाणी नितळ. मग पानं सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडी केली. ओल राहिली की घोळाणा पाणचट होतो, असं त्या म्हणाल्या. विळीवर बारीक चिरली. त्यात कांदा, मीठ, लाल तिखट, दाण्याचं कूट. शेवटी करडईचं घाण्याचं तेल, न तापवलेलं, वरून धार सोडून. मग पाची बोटांनी खालून वर हलकं घोळलं. चोळलं नाही, कारण चोळलं की मेथी कडू होते. तेल लागताच पानं गडद झाली आणि करडईच्या तेलाचा तो थोडा उग्र, मातीसारखा वास सुटला. मी एक वाटी खाल्ली आणि अजून एक मागितली. नऊ दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं.

त्यानंतर आत्यांना एकेक आठवत गेलं. करडईची कोवळी पानं भाकरीबरोबर नुसतीच खायची. पाथरीची पानं बांधावरून आणून मीठ-तेल लावून. कांद्याची पात. मुळ्याचा पाला आणि मुळा दोन्ही किसून. शेतातून आलेले हरभऱ्याचे ढाळे, त्यातले आंबटसर ओले दाणे. तुरीच्या कोवळ्या शेंगा. गाजरं तर मातीसकट उपटायची आणि धोतराला पुसून खायची, असं त्यांचे वडील करत. आवळा, बोरं, पेरू, ओली हळद आणि आल्याचं मिठातलं लोणचं. हे सगळं जानेवारीत लक्ष्मी मंडईत टोपल्यांनी भरलेलं असतं आणि मी तीन दुकानं हिंडून झुकिनी आणत होते. याचं मला खरोखर वाईट वाटलं. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणजे लिंबू, कोशिंबीर, चटणी. त्यातलं निम्मं कच्चंच असतं. आपण ती बाजू चमचाभरावर आणून ठेवली.

तिथून गाडी रुळावर आली. मी शंभर टक्क्यांचा हट्ट सोडला आणि दिवसातली दोन खाणी कच्ची ठेवली. सकाळी रात्रभर भिजवलेले मूठभर शेंगदाणे, चार बदाम, एक केळं किंवा पेरू आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. दुपारच्या डब्यात घोळाणा किंवा गाजर-मुळ्याची खोबरं-लिंबू घातलेली कोशिंबीर, बरोबर ढाळे किंवा काकडी आणि वाटीभर दही. रात्री मात्र सगळ्यांबरोबर भाकरी आणि शिजवलेली भाजी. दह्यावरून आमच्याकडे चर्चा झाली, कारण ते तापवलेल्या दुधाचं असतं. पण मला जे टिकवायचं होतं त्यात दही हवंच होतं. दाण्याचं कूटही तसंच. न भाजलेल्या दाण्यांचं करून पाहिलं, मेथीला ती चव येत नाही. भाजलेलंच वापरते. दडपे पोहे मला कच्च्यातले वाटायचे, तेही नाहीत. पोहे करताना भात भिजवून, भाजून मगच कांडतात.

चोथा एकदम वाढवायचा नाही, हे पोटानं शिकवलं होतं. दुसऱ्या सुरुवातीला पहिले पंधरा दिवस फक्त दुपारचं खाणं कच्चं केलं, मग सकाळचं. पाणी वाढवलं. जानेवारीच्या थंडीत कच्चं खाऊन अंगात गारवा भरायचा, त्यावर आत्या सुंठ आणि मिऱ्याची पूड देत. ओवा तर डब्यातच असायचा. महिन्याभरात पोट हलकं झालं. जबड्याचं दुखणं कधी थांबलं ते कळलंही नाही.

कच्चा पालक मात्र मी सोडला. त्यात मूतखड्याला कारण होणारं ऑक्झलेट बरंच असतं आणि यांना दोन वर्षांपूर्वी मूतखडा झाला होता. माझं बघून हेही पेलाभर पालक प्यायला लागले होते. डॉक्टरांनी ते ऐकताच हात जोडले. अळू तर कच्चं खायचा प्रश्नच नाही, घशात खाज सुटते ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे.

मोडांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे मी आजारी पडले. मटकी मी वर्षानुवर्षं मोड आणून करते. सकाळी भिजत घालायची, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडक्याच्या विणीतून पांढरी टोकं बाहेर डोकावतात. ती उसळ नेहमी शिजवलेली असायची. आता मी ती कच्ची खात होते. जानेवारी-फेब्रुवारीत काही झालं नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन चढलं. त्या दिवशी शाळेतून यायला उशीर झाला. फडकं सोडलं तेव्हा मटकी बोटांना किंचित बुळबुळीत लागली आणि आंबूस वास आला. मी धुऊन, लिंबू पिळून खाल्ली. रात्री अकरापासून उलट्या आणि जुलाब, दोन दिवस अंथरुणात, एक सलाईन. आत्या रात्रभर मीठ-साखरेचं पाणी पाजत जाग्या होत्या.

मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही हवी असते. म्हणून कच्चे मोड हा कच्च्या आहारातला सगळ्यात नाजूक पदार्थ आहे, हे मला नंतर समजलं. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली. पन्नासच्या वर माणसं गेली, हजारो आजारी पडली. तिचा माग काढत गेल्यावर ती मेथीच्या मोडांपर्यंत पोचली. मेथी हा शब्द वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. तेव्हापासून मोड आलेली मटकी किंवा मूग मी चांगली वाफ काढून, आतपर्यंत शिजवून मगच कोशिंबिरीत घालते.

आणि राजमा. दुकानात "मिक्स कडधान्य" म्हणून जे पाकीट मिळतं त्यात मूग, मटकी, चवळीबरोबर राजमा आणि वालही असतात. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणेही उलट्या व्हायला पुरे होतात. भिजवून पाणी फेकायचं आणि मग खळखळून उकळून शिजवायचं, दुसरा इलाज नाही. मोड आणले म्हणून ते जात नाही. पाकीट आणलंच तर मी राजमा आणि वाल वेचून वेगळे ठेवते. माझ्याबरोबर कच्चं खायला लागलेल्या एका मैत्रिणीला हे मी फोन करून सांगितलं, कारण ती तेच पाकीट भिजवत होती.

आजारपणानंतर मी पुण्याला लेकीकडे आठ दिवस गेले. सोलापूर-पुणे गाडीला पुण्याच्या अलीकडे उरुळी स्टेशन लागतं. इतकी वर्षं तिथून गेले, पण या वेळी खिडकीतून ती पाटी नीट पाहिली. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि पुढे मणिभाई देसाईंनी तिथे उभं आयुष्य घातलं. लेकीकडे मी गांधीजींचे आहाराचे प्रयोग शोधून वाचले. १८९३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेत त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि थोड्याच दिवसांत सोडला. मग १९२९ मध्ये, साठीला आलेले असताना, पुन्हा केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, पालेभाजी, लिंबू, मध. त्याबद्दल ते आपल्या साप्ताहिकात लिहीत होते. काही आठवड्यांनी पोट बिघडलं, अशक्तपणा आला, शेळीच्या दुधाकडे परतावं लागलं, आणि तेही त्यांनी तिथेच लिहून टाकलं. अंथरुणातून नुकतीच उठलेली मी ते वाचत होते. प्रयोग फसला हेही जितक्या निष्ठेनं सांगायचं, ती निष्ठा मला त्या व्हिडिओंमध्ये कुठे दिसली नव्हती.

शिजवणं वाईट नाही, हे मला आता पटलं आहे. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं बीटा कॅरोटीन ही रंगद्रव्यं शिजवल्यावर अंगी जास्त लागतात, आणि बरोबर तेल असेल तर आणखी. क जीवनसत्त्वाचं उलट आहे, ते उष्णतेनं आणि पाण्यात निघून जातं. म्हणून आवळा, लिंबू, पेरू, कोथिंबीर कच्चीच खायची. गाजर मी दुपारी किसून खाते आणि रात्रीच्या भाजीतही घालते.

चैत्रात आंबेडाळ आली. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची, कैरीचा कीस, मिरची, मीठ, ओलं खोबरं, कोथिंबीर, वरून हिंगाची फोडणी. डाळ कच्चीच असते, म्हणून वाटीभरच खायची, जास्त झाली की पोटाला जड. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका शेजारणीनं विचारलं, "कच्चं खाताय म्हणे वहिनी?" मी तिच्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं, "हे काय खाताय तुम्ही?" तिनं वाटीकडे पाहिलं आणि रेसिपी लिहून घ्यायला लागली.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं. एचबीएवनसी ५.८. वजन ७१ वरून ६६. यात रोजच्या चाळीस मिनिटांच्या चालण्याचा वाटा किती आणि घोळाण्याचा किती, हे डॉक्टरांनाही वेगळं करता येणार नाही. पण बी-१२ जीवनसत्त्व १८० आलं, म्हणजे कमी. वनस्पतींमध्ये ते मिळत नाही आणि मी जन्माची शाकाहारी. बी-१२ घटायला वर्षं लागतात, त्यामुळे ते चार महिन्यांचं नव्हे, आधीपासूनचं असणार, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू केल्या. साखरेच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी मात्र असा बदल स्वतःहून करू नये. खाणं एकदम कमी झालं आणि गोळी तीच राहिली तर साखर घसरते.

मे महिन्यात गच्चीवर सांडगे घालताना पत्र्याला हात लागला आणि चटका बसला. त्या ४८ अंशांच्या नियमाची आठवण झाली. सोलापूरच्या उन्हात पत्रा त्याच्या कितीतरी वर तापतो.

पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाणं मी पूर्ण बंद केलं. पानांवर चिखल, अळ्या, साचलेलं पाणी, आणि भाजी कुठल्या पाण्यावर वाढली हे कळायला मार्ग नाही. आत्यांच्या माहेरी चातुर्मासात पालेभाजी खातच नसत. त्या चार महिन्यांत काकडी, केळी, डाळिंब, भिजवलेले दाणे आणि सोलून खाता येईल तेच. कोबी तर मी बारा महिने शिजवूनच खाते. घोळाण्याची आठवण मात्र रोज यायची. डबा उघडला की करडईच्या तेलाचा वास नाही, हे लगेच जाणवायचं.

परवा, कार्तिकाच्या दुसऱ्या आठवड्यात, आत्यांना घेऊन मंडईत गेले होते. त्या आता फारशा चालत नाहीत, पण हट्टानं आल्या. मोहोळकडून येणाऱ्या आमच्या नेहमीच्या मावशींपुढे त्या थांबल्या आणि पोत्याखाली झाकलेली जुडी स्वतःच बाहेर काढली. करडई, बोटभर उंचीची, अजून काटा न धरलेली. एक पान तोडून त्यांनी चावलं, दुसरं मला दिलं.

"दोन जुड्या घे," म्हणाल्या, "आणि तेल संपलंय घरातलं."